विचारण्याची विद्या

दारूविषयी उपदेश करणे सोपे आहे. दारूविषयी विचारणे मात्र कठीण आहे. उपदेशक उच्चासनावर बसतो, विचारणाऱ्याला समोरच्याच्या शेजारी बसावे लागते. समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना उपदेश बहुधा घरूनच येत असतो. विचारणे हे त्यांना वर्गात शिकावे लागते.

मॉरिशसमध्ये या शिक्षणाला आगळा अर्थ आहे. 1834 ते 1920 या काळात पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटावर हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर उतरले. मुंबई बंदरातून निघालेले मराठी मजूरही त्यांत होते. उसापासून साखर होते आणि साखरेच्या मळीपासून रम होते. ज्या पिकासाठी पूर्वजांनी समुद्र ओलांडला, त्याच पिकाने त्यांच्या वस्तीजवळ बाटलीही आणून ठेवली. दिवसभराच्या श्रमानंतर कोणी तिला हात लावला, तर घरातील माणसे ते झाकून ठेवीत. परक्या मुलुखात अब्रू हीच काय ती मिळकत होती. पुढे मळ्यांवरील झोपड्या गेल्या, सिमेंटची घरे आली. परंतु कित्येक घरांत ती झाकण्याची सवय तशीच राहिली.

अशाच एका घरातील मुलगी समाजकार्याच्या वर्गात येऊन बसते. तिचे थोरले काका पन्नाशीत यकृताच्या विकाराने गेले. घरात त्यांच्यावर रागावणारे पुष्कळ होते, त्यांच्यासाठी रडणारेही होते. परंतु 'किती घेता?' असे शांतपणे विचारणारा एकही नव्हता.

वर्गात तिच्या हाती 'ऑडिट' नावाची प्रश्नावली पडते. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील अभ्यासावरून ती सिद्ध केली. नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका हे ते देश होत. प्रश्न दहाच आहेत. पहिले तीन किती व कितीदा याविषयी, पुढील तीन पिण्यावरील ताबा सुटण्याविषयी आणि उरलेले चार झालेल्या अपायाविषयी. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण 40. आठ किंवा अधिक गुण झाले तर पिणे धोक्याच्या वाटेवर आहे असे समजून पुढे बोलावयाचे असते. हे रोगाचे निदान नव्हे. धान्य चाळून खडे वेगळे करावे तशी ही केवळ पहिली चाळणी आहे.

मग सराव सुरू होतो. एक विद्यार्थी साखर कारखान्यातील निवृत्त कामगार होतो आणि ती त्याला क्रिओलमध्ये विचारू लागते. दुसऱ्याच प्रश्नाला तिचा सूर बदलतो, 'तुम्ही फारशी घेत नाही ना?' शिक्षक तेथेच थांबवितात. त्या एका 'ना'मध्ये उत्तर आधीच घालून दिलेले असते. समोरच्याने केवळ मान डोलावयाची. भाषा क्रिओल असली तरी तो 'ना' तिच्या घरातूनच आलेला असतो. ठरलेले शब्द ठरल्याप्रमाणे वाचावयाचे, ते यासाठीच.

पेल्याचा हिशेबही असाच शिकावा लागतो. प्रश्नावलीतील एक पेला म्हणजे सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क. शेकडा 40 टक्के मद्यार्काची रम असेल तर ती केवळ 30 मिलिलिटर भरते. घरच्या पेल्यात याच्या तिप्पटही सहज मावते. 'दोनच पेले' म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा पेला निराळा असतो, इतकेच.

विचारून झाल्यावर थोडे बोलणे येते. गुण सांगावेत, अपायाची माहिती द्यावी, त्याला स्वतःला काय बदलावेसे वाटते ते ऐकावे आणि गरज भासल्यास उपचाराकडे पाठवावे. याचे फळ मोजलेलेही आहे. 2018 साली 69 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अशा अल्प संभाषणानंतर लोकांचे पिणे आठवड्याला सरासरी 20 ग्रॅम मद्यार्काने उतरलेले आढळले. मात्र 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत अमली पदार्थांच्या बाबतीत असे संभाषण उपयोगी ठरले नाही. पुराव्यावर उभे असलेले शिक्षण या दोन्ही गोष्टी सांगते. जे एका व्यसनाला लागू पडते ते दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हेही विद्यार्थ्याने जाणावयास हवे.

या पद्धतीतील सर्वांत शहाणी गोष्ट अशी, की प्रश्न सर्वांना विचारला जातो. मंदिराच्या विश्वस्तालाही, बसचालकालाही, पदर सावरून बसलेल्या आजीलाही. सर्वांनाच विचारले म्हणजे कोणावर बोट रोखल्यासारखे होत नाही, आणि झाकण्याचे कारणच नाहीसे होते. प्रश्नावलीतील शेवटचा प्रश्न नातलग, मित्र वा डॉक्टर यांपैकी कोणाला तुमच्या पिण्याची काळजी वाटली आहे काय, असा आहे. त्याचे खरे उत्तर कित्येक घरांत वर्षानुवर्षे तयार असते. ते मोकळेपणाने देता यावे, यासाठी विचारणाऱ्यांना शिकविणे अवश्य आहे. आणि कोणी विचारावयास आले तर त्यांना आदराने बसवून घेणे, हे समाजाचे काम आहे.