बाराकुडा आणि बांगड्या

अंदमानला जाणारा मराठी पर्यटक आधी सेल्युलर जेलपुढे नतमस्तक होतो आणि मग बोटीने हॅवलॉक गाठतो. २०१८ साली या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं. लोकांच्या तोंडी मात्र अजून हॅवलॉकच आहे. राधानगरचा किनारा पाहून झाला, की ओढ लागते ती पाण्याखालची. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून नेमो रीफवर नेतो आणि पोवळ्यांच्या बागेतून फिरवून आणतो.

त्याआधी किनाऱ्यावर एक छोटं नाट्य घडतं. प्रशिक्षक सांगतो, 'दागिने काढून ठेवा.' अंगठ्या, बांगड्या निघतात. नव्या नवरीचा हात मंगळसूत्रापाशी थबकतो. 'नाही काढलं तर?' शेजारचा माहीतगार सांगतो, 'चमकलं की बाराकुडा झडप घालतो!' झालं, नवरोबांचाही चेहरा उतरतो.

यात तथ्य किती? थोडं आहे. दीड मीटरपर्यंत वाढणारा, सुरीसारख्या दातांचा हा मासा नजरेने शिकार करतो. वळणाऱ्या लहान माशाची चंदेरी कूस क्षणभर लकाकते, तीच त्याची खूण. गळाला धातूचा चकचकीत तुकडा लावून मासे फसवणारे याच सवयीचा फायदा घेतात. गढूळ पाण्यात चकाकणारं मनगट त्याला मासाच वाटलं, तर नवल नाही.

पण त्याच प्रशिक्षकाची पाठ पाहावी. तिथे धातूचं नळकांडं असतं (त्यात प्राणवायू असतो असं सगळे म्हणतात, असते साधी, दाबून भरलेली हवा!). त्याच्यावर क्रोमचा मुलामा दिलेली चकचकीत तोटी. बाराकुडा नुसत्या चकाकीला भुलत असता, तर पहिला घास प्रशिक्षकाचाच गेला असता! प्रत्यक्षात बाराकुडा माणसाला चावल्याच्या घटना अगदी विरळा. त्यांतही पुष्कळदा माणसाच्या हाती भाल्याने टोचलेला मासा होता किंवा तो माशांना हाताने भरवत होता. हॅवलॉकजवळच्या जॉनीज गॉर्जसारख्या खोल जागी बाराकुडांचे थवेच्या थवे दिसतात. एखादा कुतूहलाने मागेमागेही येतो, जबड्याची उघडझाप करतो. ते श्वास घेणं असतं, दटावणं नव्हे.

चावरा मासाच पाहायचा, तर टायटन ट्रिगरफिश. अंडी राखत असताना घरट्यावरून कुणी गेलं, की तो पायातल्या फ्लिपरचा लचका तोडायला धावतो. मग अंगावर दागिने असोत वा नसोत. त्याची हद्द शंकूसारखी वर रुंदावत जाते. म्हणून वर न पळता आडवं पोहत बाजूला व्हायचं. खरी धास्ती घ्यावी ती खाऱ्या पाण्यातल्या मगरीची. २०१० साली राधानगरजवळ स्नॉर्कलिंग करणारी एक अमेरिकन पर्यटक तरुणी मगरीच्या हल्ल्यात दगावली. मगरीचा फलक असेल, तिथे पाण्यात पाऊलही घालू नये.

मग दागिने काढायचे कशाला? कारण अगदी घरगुती आहे. ओल्या, क्रीम लावलेल्या बोटावरून अंगठी निसटते आणि वाळूत पडली की गेलीच. साखळी जाकिटाच्या पट्ट्यात अडकून तुटते. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल, तर प्रशिक्षकाला सांगून ते घट्ट सूटच्या आत सारावं. मग बाराकुडाला ते दिसत नाही आणि सासूबाईंचीही हरकत उरत नाही.