मुक्काम बोरीबंदरला

उसाचं बिल जमा झालं आणि सासूबाईंना मुंबई दाखवायचं ठरलं. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखरे, आणि उजनीचा फुगवटा सोडला तर तेवढं पाणी त्यांनी कुठं पाहिलेलं नव्हतं. आम्ही इंदापूरहून निघणार, वन्सं मुलांना घेऊन बारामतीहून येणार आणि दौंडला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये सगळे एकत्र बसणार, इथपर्यंत तासाभरात जमलं. घोडं अडलं ते मुंबईत उतरायचं कुठं यावर.

कल्याणला आमच्या मालकांचा मावसभाऊ राहतो. "हक्काचं घर असताना लॉजवर पैसे घालायचे? काय म्हणतील ते, वैनी?" वन्संचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याकडं पाहुण्यानं लॉजवर उतरणं म्हणजे घरच्यांचा अपमानच. मालकांनी तोवर नवी मुंबईतलं एक हॉटेल मोबाइलवर शोधून ठेवलेलं. खोल्या प्रशस्त, भाडंही कमी. मी मात्र फोर्ट सोडून दुसरीकडं उतरायला तयार नव्हते, आणि त्याचं कारण होतं.

लग्नाआधी मी परळला मामांकडं राहून फोर्टात नोकरी केली. तेव्हा रोज पाहिलेली गोष्ट अशी : कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहायला उत्तरेला. त्यामुळं सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटीकडं लोटते, संध्याकाळी तीच गर्दी उलटी फिरते. आता बघायला येणाऱ्यांचा विचार करा. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, घारापुरीच्या लाँचचा धक्का, सगळं दक्षिणेलाच. उपनगरात उतरलेला पाहुणा सकाळी गर्दीबरोबर येतो आणि दमूनभागून संध्याकाळी गर्दीबरोबरच परत जातो. कल्याण ते सीएसएमटी 54 किलोमीटर. जलद लोकललासुद्धा तासाच्या वर लागतो. त्या लोकलमध्ये सकाळी साडेआठला सासूबाईंना चढवायचं कसं आणि दादरला उतरणाऱ्यांच्या रेट्यात सांभाळायचं कसं? फोर्टात उतरलं की हेच चित्र उलटं होतं. राणीबागेसाठी भायखळ्याला किंवा सिद्धिविनायकासाठी दादरला सकाळी निघालात तर समोरून भरलेल्या गाड्या येत असतात आणि तुमच्या डब्यात बसायला जागा असते.

हे कागदावर रेघ ओढून समजावलं तेव्हा मालकांना पटलं. वन्संना पटलं ते परतीच्या दिवशी कल्याणला उतरून भावाकडं जेवून पुढं जायचं ठरलं तेव्हा.

मग फोनाफोनी. जुन्या मुंबईतल्या बऱ्याच लॉज पूर्वीच्या दगडी इमारतींत वरच्या मजल्यांवर आहेत. "लिफ्ट आहे का?" या प्रश्नाला सगळे "आहे" म्हणतात. एका ठिकाणी खोदून विचारलं तर कळलं, लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते आणि तिथवर उंच पायऱ्यांचा लाकडी जिना. गुडघेदुखीच्या माणसाला तेवढा जिना पुरे. दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या भागातली रात्रीची गाडी सकाळी लवकर पोचते आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते दुपारी बाराला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन पाच तास बाकड्यावर बसायचं का? म्हणून चोवीस तासांच्या हिशेबानं खोली देणारी लॉज शोधली. म्हणजे सकाळी सातला आत, तर शेवटच्या दिवशी सकाळी सातला बाहेर. खोली लहान होती, खिडकीतून समोरची भिंत दिसायची. भाडं नवी मुंबईपेक्षा बरंच जास्त. पण पलंग स्वच्छ, संडास खोलीतच आणि स्टेशन पाच मिनिटांवर.

त्या जास्तीच्या पैशांचं चीज पहिल्याच दुपारी झालं. सकाळी म्युझियम पाहिलं, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. उन्हं चढली तशी सासूबाईंची चाल मंदावली. टॅक्सी केली आणि थोड्याच वेळात त्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. (जुन्या शहरात रिक्षा नसते, शीव-माहीमच्या अलीकडं काळी-पिवळीच, आणि तीत चौघंच बसतात.) चारला चहा घेऊन पुन्हा ताज्या. दुसऱ्या दिवशी मुलं मालकांबरोबर घारापुरीला गेली. लाँचनं तासभर आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या, म्हणून मी आणि सासूबाई मागं राहिलो. संध्याकाळी गेटवेवर सगळे भेटलो. मुक्काम लांब असता तर एक तर त्यांना पायऱ्या चढायला लावावं लागलं असतं, नाही तर दिवसभर धक्क्यावर बसवावं लागलं असतं.

आणि सीएसएमटीची, म्हणजे जुन्या बोरीबंदरची, इमारत. 1888 साली पुरी झालेली, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. गाडी पकडणारा तिच्याकडं मान वर करून बघत नाही. आम्ही रात्री जेवण झाल्यावर समोरच्या फुटपाथवर निवांत उभे राहायचो. दिवे लागलेले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सासूबाईंना भिंतीवर दगडात कोरलेला मोर सापडला. "पिसारा बघ की गं, एकेक पीस मोजून घ्यावं!" म्हणाल्या आणि नातवंडांना हाताला धरून तो दाखवत बसल्या. तिथून त्यांना हलवायची घाई नव्हती, कारण कुठलीही लोकल पकडायची नव्हती.

समुद्र त्यांनी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसून पाहिला, अंधार पडेपर्यंत.

आपल्या भागातून आईवडिलांना घेऊन मुंबईला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : काटकसर कपड्यालत्त्यात करा, जेवणात करा, मुक्कामाच्या जागेत करू नका. बघायच्या ठिकाणांची यादी आधी, लॉज नंतर. तुमची बरीचशी ठिकाणं दादर-प्रभादेवीकडं असतील तर दादरला उतरा, तिथं मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग मिळतात. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीबाग. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा, लिफ्ट तळमजल्यापासून आहे का आणि सकाळी सातला खोली मिळेल का. दोन्हीला स्पष्ट "हो" आलं, तरच खोली ठरवा.