चाळिशी

आपल्या भाषेने वयाला आणि चष्म्याला एकच नाव दिले, यात तिचे शहाणपण दिसते. राव असो वा रंक, चाळिशी उलटली की डोळ्यातल्या भिंगाचा लवचिकपणा जातो आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते.

मलाही चाळिशी लागली. खिशात सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड होते. ते घेऊन मी यवतमाळच्या बाजारातली चष्म्याची दुकाने पालथी घातली. उत्तर एकच, "गुरुजी, हे कार्ड इथं नाही चालत!"

दुकानदारांचे तरी काय चुकले? २०१८ सालची आयुष्मान भारत योजना घ्या, की २०२४ मध्ये राज्यातल्या सर्वांना खुली झालेली महात्मा फुले योजना घ्या. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आधार मिळतो, पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. चाळिशीसाठी कोण खाट अडवणार? १९७६ पासून चालत आलेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरीब शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. मोठ्यांनाही सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा नंबर काढून मिळतो. चष्म्याचे पैसे मात्र बहुधा आपले आपणच पाहायचे.

मी पाहिले. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शिवणकाम करते. पोर शाळेला निघण्यापूर्वी दहा-बारा सुयांत दोरे ओवून ठेवते. ते संपले की हुक-बटणांचे काम ती परतेपर्यंत अडते. कार्ड त्या घरीही आहे. दिवाळीत गिऱ्हाइकांची रीघ लागली, की ती पोर पहाटे अधिकच लवकर उठते.