सहा खुनी, एक जेलर आणि आमची सोसायटी

आमचे शेजारचे तेलुगू काका (रेल्वेतून निवृत्त, ४२ वर्षं डोंबिवलीत, मराठी आपल्या नातवंडांपेक्षा बरं) परवा संध्याकाळी कट्ट्यावर एन. टी. रामारावांच्या जुन्या सिनेमांत रमले होते. राजकुमार, मांत्रिक, नागकन्या आणि मग दरोडेखोराचा सज्जन होण्याच्या गोष्टी. १९६३ सालच्या 'वाल्मीकि'मध्ये रामाराव स्वतः वाल्या झाले होते. मग म्हणाले, "पण बाई, तुम्ही 'मा दैवम' बघायला हवा. एक जेलर सहा खुन्यांना घेऊन ओसाड माळावर शेती करायला जातो..."

मी म्हटलं, "काका, थांबा. हा तर आमचा 'दो आँखें बारह हाथ'!"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. व्ही. शांतारामांचा सिनेमा १९५७ चा. तमिळमध्ये तो १९७५ साली एम. जी. रामचंद्रन यांनी केला, तेलुगूत १९७६ साली रामारावांनी. दोघेही पुढे मुख्यमंत्री झाले. आमचे शांतारामबापू मात्र सिनेमेच काढत राहिले, आणि ते बरंच झालं!

अमेरिकेतल्या भाचरांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना पॅरोलवर एका उजाड जागी नेतो. बेड्या नाहीत, भिंत नाही. ते जमीन फोडतात, भाजी पिकवतात, बाजारात रास्त भावात विकतात. त्यामुळे व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं, मारामारी होते, पण हात उगारायचा नाही असं वचन दिलेलं असतं. शेवटी बैलांपासून पीक वाचवताना आदिनाथच जातो. या बैलाच्या प्रसंगाच्या शूटिंगमध्ये शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली होती. दृष्टी जाते की काय अशी वेळ आली होती. पुढच्या 'नवरंग'च्या सुरुवातीला ते स्वतःच त्याबद्दल सांगतात. या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. वसंत देसाईंच्या चालीतली त्यातली प्रार्थना आमच्या शाळेत दर गुरुवारी व्हायची. पोरांना ती सिनेमातली आहे हे माहीतही नसायचं. देवाचीच वाटायची.

मला जास्त आवडते ती यामागची खरी गोष्ट. हा माळ कुणा लेखकाच्या कल्पनेतला नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला इंजिनियर (गांधीजींच्या नादाने 'भारतानंद' झालेला), अशी ही विलक्षण मंडळी. कैद्यांना जमीन द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचं, कुंपण घालायचं नाही. ज्या काळात बाकीचे संस्थानिक शिकारीला जात होते, त्या काळात एका छोट्या संस्थानाने हे करून दाखवलं. संस्थान गेलं, पण वसाहत राहिली. सांगली जिल्ह्यातलं हे खुलं कारागृह आजही चालू आहे.

आणि कथा लिहिली कोणी? गदिमांनी. माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच, शिवाय त्यांचं शिक्षणही औंधात झालेलं. म्हणजे घराशेजारचीच गोष्ट. मला दरवेळी गंमत वाटते ती अशी की, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून हेच गृहस्थ 'गीतरामायण' लिहीत होते. लोककथेतल्या वाल्याने रामायण लिहिलं, आणि त्या रामायणाची गाणी लिहिणाऱ्याने लगोलग सहा वाल्यांची गोष्ट लिहिली.

आता माझं एक निरीक्षण. सिनेमातले सहाही जण खुनी आहेत. चोर नाहीत. वर्गात चाळीस वर्षं उभं राहून मी हे पाहिलंय की, रागाच्या भरात डोकं फोडणाऱ्या पोराला लोक माफ करतात. "तापट आहे हो, मनाने चांगला आहे." पण एकदा दुसऱ्याच्या कंपासपेटीतलं पेन उचललं की दहावीपर्यंत वर्गात काहीही हरवलं तरी सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. खुनाला कारण असतं असं आपण धरून चालतो, चोरी मात्र रक्तात असते! गंमत म्हणजे वाल्या खूनही करायचा आणि लुटायचाही, पण त्याला आपण ऋषी करून टाकलं. तो जंगलात राहायचा, आपल्या विंगमध्ये नव्हे.

माझं लहानपण ठाण्यात गेलं. जेल म्हणजे किल्ल्याची ती काळी भिंत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला पुढे इंग्रजांनी तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथेच फाशी झालं. वडील तिथून जाताना चप्पल काढून नमस्कार करायचे, त्यामुळे तुरुंगाबद्दल माझ्या मनात भीतीपेक्षा आदरच जास्त. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि कल्याणचं आधारवाडी जेल माहीत झालं. तिथे नमस्कार कोणी करत नाही. रस्त्यावरून जाताना लोक दुसरीकडे बघतात.

त्या आधारवाडीत माझा एक विद्यार्थी चौदा महिने होता. नाव सांगत नाही. हात फार चांगला. आठवीत शाळेची बिघडलेली घंटा त्याने दुरुस्त केली होती, आणि शिपाईमामांना बक्षीस मिळालं. वडील गेले, शिक्षण सुटलं, वाईट संगत लागली, एका मोबाइलच्या दुकानाचं शटर फोडताना पकडला गेला. कच्चा कैदी म्हणून चौदा महिने काढले आणि शेवटी शिक्षाही तेवढीच झाली. सुटला त्याला आता सहा वर्षं झाली. इलेक्ट्रिकची कामं करतो. गेल्या वर्षी आमच्याकडचं जुनं वायरिंग बदलायचं होतं, मी त्याला बोलावलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. 'असल्या' माणसाला आत घ्यायचं का? एक गृहस्थ (सज्जन आहेत, गणपतीला भरपूर वर्गणी देतात) म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे, पण आमच्या घरात सोनं आहे." हे वाक्य मला खोटं वाटलं नाही. त्यांच्या सुनेचं मंगळसूत्र लोकलमध्ये गेलंय, त्यांची भीती खरी आहे. मी एवढंच म्हटलं, "माझ्या घरातलं काम तो करणारच. ज्यांना बघायचं असेल त्यांनी येऊन बघावं." सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'बाईंच्या जबाबदारीवर'. मी खाली सही केली.

यांना मात्र राग आला होता. घरी येताना म्हणाले, "तू स्वतःला आदिनाथ समजतेस का?"

नाही समजत. खरं सांगायचं तर त्या सिनेमातली मला न पटणारी गोष्ट म्हणजे ते डोळे. आदिनाथचे डोळे सतत आपल्यावर आहेत म्हणून कैदी पळत नाहीत, आणि तो गेल्यावरही ते डोळे आभाळातून बघत राहतात. थिएटरात अंगावर काटा येतो, कबूल. पण डोळे तर आमच्या इमारतीतही आहेत. सोळा कॅमेरे बसवलेत, आणि त्यांनी अजून कोणाला सुधारल्याचं ऐकिवात नाही. मला भावतो तो भाजीबाजार. काल ज्यांना बघून बायका दारं लावायच्या, त्यांच्याकडून आज त्या वांगी घेतायत, भाव करतायत. तिथे कोणी उपदेश करत नाही. पैसे देतात, भाजी घेतात.

तो वायरिंग करायला आठ दिवस आला. फाटकावर वहीत नाव, वेळ, मोबाइल नंबर. जाताना पिशवी तपासणार. बाकी प्लंबर, सुतार तसेच जातात, यालाच थांबवतात. दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःच वॉचमनच्या टेबलावर पिशवी उपडी करायला सुरुवात केली. पक्कड, टेस्टर, टेपचं रीळ, डबा. वॉचमनला ओशाळल्यासारखं व्हायचं, तो म्हणायचा, "राहू दे रे." हा म्हणायचा, "नाही भाऊ, बघून घ्या." मी एकदा रागावले त्याच्यावर, कशाला इतकं वाकायचं म्हणून. तर म्हणाला, "बाई, त्याने मागितल्यावर दाखवली की तपासणी होते. मी आधी दाखवली की नाही होत." यावर मला उत्तर सुचलं नाही. मराठीच्या शिक्षिकेला उत्तर न सुचणं म्हणजे बघा!

बिलात त्याने वापरलेले स्क्रूसुद्धा मोजून लिहिले होते. उरलेली सव्वा मीटर वायर गुंडाळून माझ्या कपाटावर ठेवून गेला, अजून तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने त्याचा नंबर मागितला, गिझर बिघडलाय. शनिवारी सकाळी येणार आहे तो. काल जिन्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तो येईल तेव्हा तुम्ही जरा आमच्याकडे येऊन बसाल ना?"

मी म्हटलं, "अगं, शनिवारी सकाळी मी भाजी आणायला जाते. तू त्याला चहा दे, साखर कमी घालून."