सव्वा कोटी तुलना

मतदार यादीवर हरकत घ्यायला दोनच दिवस उरले होते. थळ परिसरातली साधारण 5 हजार नावं माझ्याकडे होती. दुबार नावं शोधायची तर प्रत्येक नाव बाकी सगळ्यांशी ताडायचं, म्हणजे सव्वा कोटी तुलना. त्यात कुठे 'ज्ञानेश्वर', कुठे 'द्यानेश्वर'. भाच्याने पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला. जुन्या लॅपटॉपवर रात्री अकराला लावला, पहाटे चारला बघतो तर निम्माही झाला नव्हता.

"मामा, पायपायवर चालवूया." प्रोग्रॅमचं अक्षरही बदललं नाही. बंदरावर जाऊन मासळी घेऊन आलो, तोवर यादी तयार.

माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, म्हणून त्याला खोदून विचारलं. साधा पायथॉन म्हणजे जनसुनावणीतला दुभाषा. साहेब तेच वाक्य हजारदा बोलले तरी हजारदा नव्याने अर्थ लावणार. जिट कंपायलर काय करतो, तर कुठलं वाक्य पुन्हा पुन्हा येतंय ते हेरतो आणि प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचं थेट यंत्राच्या भाषेत भाषांतर करून ठेवतो. पण असा कंपायलर हाताने बनवायचा तर तज्ज्ञांची वर्षं जातात. गूगलने 2008 साली क्रोमसोबत जावास्क्रिप्टसाठी असं इंजिन आणलं; त्यांना परवडतं.

पायपायवाल्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी पायथॉनचा दुभाषा आरपायथॉन नावाच्या आटोपशीर भाषेत लिहिला, त्यात थोड्या खुणा करून ठेवल्या. त्यांचं अवजार त्या दुभाष्याच्या कामावरच नजर ठेवतं आणि जिट कंपायलर आपोआप तयार करतं. उद्या कुणी दुसऱ्या भाषेचा दुभाषा असाच लिहिला तर त्यालाही हेच अवजार चालतं. दुभाष्यापासून कंपायलर काढता येतो, हे जपानच्या योशिहिको फुतामुरांनी 1971 सालीच मांडलं होतं. चार माणसांच्या गटालाही वेगवान भाषा बनवता येते, ही मला यातली मोठी बातमी वाटते. आपल्याकडे ती छापणार कोण, ते सोडा.

वाचलेल्या वेळात मी यादी घेऊन दारोदार फिरलो. एका जोडीवर हरकत घ्यायचीच असं ठरवून गेलो होतो. नाव तेच, वय तेच. दार उघडलं तर दोघं चुलत भाऊ, एकाच ओटीवर जाळं विणत बसलेले. यंत्राने मात्र दोघांना एकच धरलं होतं.

अजून अकरा घरं राहिलीत. उद्या दुपारपर्यंत येतोय, कृपया ओळखपत्र हाताशी ठेवा.