खांद्याला बसणारी रायफल

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उलटला की पिट्सबर्गचं रूप पालटतं. पेट्रोल पंपावर, डायनरमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत भडक नारिंगी जाकिटं दिसू लागतात. हरणांचा रायफल-हंगाम आलेला असतो. १९६३ पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. २०१९ मध्ये तो शनिवारवर आणला गेला, तरी पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या कित्येक शाळा त्या सोमवारी आजही बंद असतात. नव्यानं आलेल्या मराठी आईबापांना ही सुट्टी कसली ते शेजारी सांगतात आणि पुष्कळदा हंगामाशी ओळख तिथूनच होते.

हरणांना हंगामाचं सोयरसुतक नाही. पांढऱ्या शेपटीची ही हरणं भर वस्तीत हिंडतात, परसातली टोमॅटोची रोपं रातोरात फस्त करतात, संध्याकाळच्या अंधारात मोटारींवर आदळतात. जंगलात ती ओकची कोवळी रोपं वाढूच देत नाहीत. अखेर २०२३ मध्ये शहरानं फ्रिक आणि रिव्हरव्ह्यू या उद्यानांत निवडक तिरंदाजांना शिकारीची परवानगी दिली. राज्यभरात तर एका हंगामात चार लाखांहून अधिक हरणं मारली जातात. त्यातलं कितीतरी मांस ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या १९९१ पासून चालणाऱ्या उपक्रमातून अन्नछत्रांकडे जातं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या पिढीला शिकार भेटली ती गोष्टींत, नाहीतर कोर्टाच्या बातम्यांत. त्यामुळे कचेरीतल्या सहकाऱ्यानं जंगलात चलण्याचं आमंत्रण दिलं की मराठी माणूस आधी चपापतो. ते स्वीकारणाऱ्यानं कागदपत्रांपासून सुरुवात करावी. पहिला परवाना मिळण्याआधी शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. रायफल-हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर लागतं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. खरेदीआधी वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

खरी पंचाईत होते ती दुकानात. पाच फूट उंचीची, बारीक चणीची बाई काउंटरपुढे उभी राहिली की विक्रेता सर्वांत हलकी रायफल काढून देतो. हातात घेताच ती आवडते. दिवसभर डोंगर चढायचा तर हलकी हवीच, असं कुणालाही वाटेल. पण हलकेपणाची किंमत खांद्याला मोजावी लागते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन ३.६ किलोवरून २.७ किलोवर आणलं तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. शिकणाऱ्याला असे दहा-बारा धक्के बसले की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि गोळी भलतीकडे जाते. जखमी हरीण झुडपांत निघून जातं, हा त्याचा सर्वांत वाईट परिणाम. म्हणून लहान चणीच्या माणसानं वजनाआधी दोन गोष्टी पाहाव्यात: दस्त्याची लांबी आणि काडतूस.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण रायफलीत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. लहान हातांना ते फार होतं. मग मान पुढे ताणावी लागते, कोपर अवघडतं, दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकतो आणि सौम्य धक्काही तिथे झोंबतो. लहान चणीसाठी केलेल्या रायफलींत हे अंतर साडेबारा ते तेरा इंच असतं. कोपराच्या आतल्या बाजूला दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहायची रीत जुनी आहे, पण ढोबळ. त्यापेक्षा जंगलात घालायचा जाड कोट दुकानात घालून जावं आणि डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी. डोळे उघडल्यावर दुर्बिणीतलं पूर्ण वर्तुळ मान न हलवता दिसलं पाहिजे. नोव्हेंबरअखेरच्या थंडीतला कोट दस्त्याची लांबी जणू वाढवतो. सप्टेंबरात शर्टावर मापलेली रायफल तेव्हा अडू लागते.

काडतुसाच्या बाबतीत मोठं ते चांगलं, हा समज अजून जात नाही. सुमारे साडेतीन किलोच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का २० फूट-पौंडांच्या आसपास असतो, ७ एमएम-०८ चा बाराच्या आणि .२४३ विंचेस्टरचा नऊच्या. .२४३ हे १९५५ चं काडतूस. त्यातली १०० ग्रेनची गोळी नेमक्या जागी लागली तर इथल्या हरणाला पुरेशी होते. १९८० मध्ये बाजारात आलेलं ७ एमएम-०८ थोडी चूक पोटात घालतं, म्हणून प्रौढ नवशिक्यासाठी तेच अधिक योग्य. त्याचं बळ जवळपास जुन्या ७×५७ माउझरइतकं. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूक-लेखक जॅक ओ’कॉनर यांच्या पत्नी एलिनॉर यांनी अमेरिकेत आणि आफ्रिकेत ७×५७ नंच मोठमोठी जनावरं टिपली. ब्रिटिशांनी याच काडतुसाला .२७५ रिग्बी म्हटलं. चंपावतच्या वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. हरणासाठी खांदा फोडणारी तोफ लागते असं सांगणाऱ्याला एवढी दोन नावं पुरावीत.

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. त्यामुळे धक्का थोडा पचवणाऱ्या त्या बनावटीचा विचारच नको. बहुतेकांची निवड बोल्टवाल्या रायफलींत होते. रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्ट रूपात साडेबारा इंची दस्ता, १८ इंची नळी आणि सुमारे पावणेतीन किलो वजन मिळतं. खिसाही फारसा रिकामा होत नाही. वेदरबीची कॅमिला तर स्त्रीच्या मान-खांद्याची ठेवण लक्षात घेऊन घडवलेली आहे. नुसता रंग गुलाबी करून ‘बायकांची’ म्हणून विकण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक काम. पिट्सबर्गच्या दक्षिणेला, वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनजवळ, मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात केव्हलार आणि ग्रॅफाइटचे दस्ते लावून सव्वादोन किलोंच्या आसपासच्या रायफली केल्या. कारागिरी म्हणून त्या पाहाव्यातच. पण पहिली रायफल म्हणून दुर्बिणीसकट तीन-सव्वातीन किलोंची निवडावी. एवढी रायफल दिवसभर बाळगता येते आणि नेम धरताना थरथरत नाही.

आखूड नळीचा आवाज मोठा. नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवला तर धक्का घटतो, पण आवाज आणखी वाढतो आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांचे हाल होतात. नवशिक्या दचकतो तो धक्क्याइतकाच आवाजानं. सरावाला कानात बोळे आणि त्यावर कर्णरक्षक, दोन्ही हवीत.

सराव .२२ पासून सुरू करावा, कारण तिला धक्का जवळजवळ नसतोच. मोठ्या रायफलीवर एका बैठकीत दहा-पंधरा गोळ्या पुष्कळ झाल्या. टेबलावर टेकवून दुर्बीण जुळली की टेबल सोडावं. जमिनीवर बसून, काठीचा टेकू घेऊन, कोट घालून नेम धरावा. इथल्या दाट जंगलात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तेवढ्या अंतरावर सहा इंचांच्या वर्तुळात गोळ्या सलग पडू लागल्या की सहकाऱ्याचं आमंत्रण स्वीकारावं.