छोटी, गाडी जरूर घे



तुझा फोन झाल्यापासून अकोल्याच्या घरात दुसरा विषय नाही. पहिल्या पगारापासून बाजूला टाकलेल्या पैशांतून तुला मोठी नेकेड मोटरसायकल घ्यायची आहे, हे ऐकून आजी म्हणाली, "पोरीले एवढी मोठी फटफटी काहून लागते?" तुझी आई काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा तिच्या जिवाला घोर लागलेला असतो, हे तुलाही ठाऊक आहे. तू माझं मत विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

निकाल आधीच सांगतो: गाडी घे. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत. कॉलेजची सगळी वर्षं तू बाबांची स्प्लेंडर चालवलीस, रस्त्याची समज तुला आहे. आणि या गाड्यांची ओढ काय असते, ते मला कळतं. उघडं दिसणारं इंजिन, रुंद हँडल, पाठ ताठ ठेवून बसता येणं, नजर वळवली की गाडीही त्या बाजूला वळणं, पुढे आवरण नसल्यामुळे वारा थेट छातीवर घेणं, यातला आनंद खरा आहे. मुलीने तो घ्यावा की नाही, असा प्रश्नच माझ्या मनात येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ताकद किती घ्यायची हे ठरवण्याआधी ती कुठे खर्च होणार आहे, ते ठरव.

तुझे रस्ते तीन. रोजचा रस्ता अमरावतीतला, गाडगेनगरहून राजापेठेचा. तिथे संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. तिथे लागतो हलका क्लच, कमी वेगात धक्के न देणारं इंजिन आणि जमिनीला टेकणारे पाय.

दुसरा रस्ता शनिवारचा: बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस खपून पूर्ण केलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाच्या नावावर होता. सरळ, रुंद, लांबवर मोकळा दिसणारा रस्ता असला की मनगट आपोआप वळतं. म्हणून एक हिशेब कागदावर मांडून बघ. नव्वद किलोमीटरचं अंतर ताशी ८० च्या सरासरीने कापायला ६८ मिनिटं लागतात, १०० च्या सरासरीने ५४. वाचली चौदा मिनिटं, आणि ती सरासरी राखायला मध्ये मध्ये १२० गाठावे लागतात. आता ब्रेकचा हिशेब. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धर. ८० च्या वेगाला त्या एका सेकंदात २२ मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी ३५. एकूण ५७ मीटर. १२० ला हेच अंतर ११२ मीटरच्या आसपास जातं. वेग दीडपट झाला, थांबायला जागा जवळजवळ दुप्पट लागली. चौदा मिनिटांसाठी हा सौदा परवडत नाही.

तिसरा रस्ता सुट्टीचा: वलगाव, आसेगाव, परतवाडा आणि वर चिखलदरा. आसेगावच्या पुढे संत्र्याचा भरलेला ट्रक समोर असतो, पलीकडून एसटी येत असते, मधली फट थोडा वेळच उघडते. तिथे ५० वरून ८० वर झटकन जाता आलं पाहिजे. घाटात मैत्रीण मागे बसलेली असताना चढावर गाडी मरगळता कामा नये. तुझी ताकद खर्च होणार ती इथे, ५० ते ९० च्या दरम्यान. ताशी १५० चा आकडा तुझ्या तिन्ही रस्त्यांवर कुठेच कामाचा नाही.

त्या हिशेबाने १७० किलोंच्या आसपासच्या गाडीला ३५ ते ४५ अश्वशक्ती म्हणजे भरपूर झालं. बाबांच्या स्प्लेंडरची ताकद आठ. माझ्या तरुणपणी ज्या आरएक्स हंड्रेडने पोरांना वेड लावलं, तिची अकरा. केटीएमची ३९० ड्यूक २०१३ साली आपल्याकडे आली. ती पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते आणि तिथून जगभर जाते. आताच्या ३९९ सीसीच्या ड्यूकची ताकद ४५ च्या आसपास. तिच्या इंजिनला वरच्या फेऱ्यांत फिरायला आवडतं, तिचे ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक्स उत्तम आहेत, पावसासाठी वेगळा मोड आहे, टाकी १५ लिटरची आहे. ट्रायम्फ स्पीड ४०० ही २०२३ पासून चाकणलाच बनते. ताकद ४०, स्वभाव शांत, खालच्या वेगात ओढ चांगली, सीट ७९० मिलिमीटर, म्हणजे ड्यूकपेक्षा थोडी खाली. टीव्हीएसची अपाची आरटीआर ३१० बघायला विसरू नकोस. ती ३१२ सीसीत साडेपस्तीस अश्वशक्ती देते. माझी पसंती विचारशील तर रोजच्या राजकमल चौकासाठी स्पीड, घाटासाठी ड्यूक, आणि पैशांचा मेळ बघायचा तर अपाची. पण तिन्हींची टेस्ट राइड घे, आणि ती रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर न घेता भर गर्दीत घे. पाय टेकतात का, मनगट दुखतं का, पायांवर गरम हवा किती येते, हे तिथेच कळतं.

पैशांचंही बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, तर ३५० च्या वर २,८०४ रुपये. आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. तेव्हा जाहिरातीतल्या किमतीवर जाऊ नकोस. ऑन रोड किमतीचं कोटेशन लेखी घे आणि त्यात टायर, चेनसेट, ब्रेक पॅड यांचा खर्च धरून मग हप्ता ठरव.

तू फोनवर झेड ९०० चंही नाव घेतलंस. कावासाकीची ती गाडी देखणी आहे, चार सिलिंडरचा आवाज अंगावर काटा आणतो. पण ९४८ सीसी, १२५ अश्वशक्ती, २१२ किलो. आपल्या देशात अठरा पूर्ण झाले की गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं आणि त्याच लायसन्सवर आठ अश्वशक्तीवरून थेट सव्वाशेवर उडी मारायला कायद्याची आडकाठी नाही. युरोपात तरुण चालकाला आधी ३५ किलोवॉट, म्हणजे ४७ अश्वशक्तीपर्यंतचीच गाडी मिळते. त्यावर दोन वर्षं काढली आणि पुढची परीक्षा दिली की मग मोठी. ३९० ड्यूक नेमकी त्या मर्यादेत बसते. तू लहानपणी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब शिकलीस. १९१४ पासून चालत आलेल्या त्या आखाड्यात पहिल्या दिवशी कुणी तुला खांबाच्या टोकावर उभं केलं नव्हतं. पकड, उडी, उतरणं असं करत करत तू वर गेलीस. कायदा सांगत नसला तरी गाडीच्या बाबतीत तीच शिस्त आपली आपण पाळायची.

या शिस्तीतला पहिला धडा ब्रेकचा. रिकामं, स्वच्छ मैदान बघून ४० च्या वेगाने ये आणि ठरवलेल्या खुणेवर थांब. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही. दोन बोटांनी आधी हलका दाब द्यायचा. पुढचे शॉकअप दबले, वजन पुढच्या चाकावर आलं हे हातांना जाणवलं, की दाब वाढवायचा. तेव्हा टायर रस्ता धरतो. आधीच आवळलंस तर वजन पुढे यायच्या आत चाक अडतं आणि एबीएसला धावून यावं लागतं. एबीएस चाक अडू देत नाही, पण खडीवर किंवा मातीवर थांबायचं अंतर तो कमी करू शकत नाही. हात बसला की ६० ला कर, मग मागे कुणाला बसवून कर. गाडी कितीही भारी असली तरी हे काम ती आपणहून करत नाही.

आता आपल्या मातीबद्दल. कपाशीला सोन्यासारखी असलेली काळी माती रस्त्याला मात्र फार छळते. पाण्याने ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून अकोटकडे जाताना हे पावलोपावली दिसतं. अशा लाटेवर वेगात गेलीस तर गाडी हलकी होते आणि त्याच क्षणी ब्रेक मारला तर टायरला धरायला वजनच नसतं. तिथे सीटवरून किंचित उठायचं, गुडघे सैल ठेवायचे, हँडल आवळून धरायचं नाही. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती वळणावर पडलेली असते. ती ओली झाली की डांबरावर तेल ओतल्यासारखं होतं. दिवाळीच्या सुमारास लहान रस्त्यांवर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, आणि दाण्यांवरून गेलेलं चाक सरळ राहत नाही. त्यानंतर जिनिंगकडे निघालेल्या कपाशीच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागचा दिवा नसतो.

रात्रीचा प्रवास ठरवून टाळ. रोही, म्हणजे नीलगाय, कधी आडवा येईल सांगता येत नाही. नर रोही २०० किलोंच्याही पुढे जातो, तुझी गाडीच १७० किलोंची. एक गेला की मागे दुसरा असतो, म्हणून एक दिसला तर थांबल्यासारखी हो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. सेमाडोह-हरिसालच्या बाजूला जाशील तेव्हा गाडीचा आवाज आणि वेग दोन्ही खाली ठेव. ते घर त्या जनावरांचं आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. अकोल्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा वारा अंग थंड करत नाही. हवा त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे वेग वाढवावा तसं अंग जास्त तापतं आणि सुकतं. नेकेड गाडीला आड काही नसल्यामुळे ती झळ पूर्ण तुझ्यावर येते. म्हणून उघडे हात नकोत. जाळीचं जॅकेट, आत ओला सुती सदरा, आणि मूर्तिजापूरला थांबून पाणी. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत पोचायचं, नाहीतर निघायचंच नाही. कूलंटची पातळी आणि टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. स्कार्फ बांधशील तर त्याची टोकं जॅकेटच्या आत खोच. मोकळं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकायला वेळ लागत नाही.

आणि चेन स्वतः साफ करायला शीक. पावसाच्या फेरीनंतर काळी माती तिच्यात जाऊन बसते आणि वाळली की पॉलिश पेपरसारखी घासते. इंजिन बंद ठेवायचं, गाडी पॅडॉक स्टँडवर घ्यायची, मागचं चाक हाताने फिरवत क्लीनर आणि ब्रशने माती काढायची, फडक्याने कोरडी करायची, मग आतल्या बाजूने स्प्रे मारायचा आणि तो मुरू द्यायचा. मग बोटाने चेन वर-खाली करून ढिलाई पुस्तिकेत दिलेल्या मापात आहे का ते बघायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसू नकोस, बोटं जातात. ही सवय लागली की गाडीत काही बिघडायला लागल्याचं तुला मेकॅनिकच्या आधी कळेल.

आईचं मी बघतो, पण अर्धं काम तुझं आहे. तिला एकदा मागे बसवून बडनेऱ्यापर्यंत सावकाश घेऊन जा. निघताना कुठल्या रस्त्याने, किती वाजता, एवढं कळव आणि पोचल्यावर फोन कर. तिचा गाडीवर राग नाही. तुझ्या पोचण्याची खात्री तिला हवी आहे.

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, हा माझ्याकडून मामाचा आहेर. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय खुणेचं आणि तुझ्या डोक्याच्या मापाचं हवं, त्यासाठी मी स्वतः अमरावतीला येतो. गाडीचं बुकिंग त्यानंतर करू. पहिले हजार किलोमीटर इंजिनला सांभाळून चालव. तेवढ्यात तुझाही हात बसेल. तुला पुढची वीस वर्षं मोटरसायकल चालवायची आहे, हे मनात धरून पहिलं वर्ष काढ.

तुझा,
मामा
अकोला